जुनी जीप आणि मागे उभं राहणारं माणूस

जुनी जीप एकट्याने तपासता येत नाही, दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवे लागतात का ते सांगायचं. एकाने ॲक्सिलरेटर दाबायचा, दुसऱ्याने धुराचा रंग बघायचा. आमच्या घरी आत बसणारे हे, आणि ती दुसरी मी. पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये आमची जीप कंपाउंडच्या चुना दिलेल्या भिंतीला पाठ लावून उभी असायची. कुठेही निघायचं म्हटलं की ह्यांची हाक यायची, "अगं, जरा मागे उभी राहा." मग तव्यावरची पोळी तशीच टाकून मी जीप आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरायचे आणि ओरडायचे, "दोन्ही लागतात." एवढं ऐकल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही.

ह्यांनी आयुष्यात तीन जुन्या जिपा घेतल्या आणि तिन्हींनी ह्यांना टोपी घातली. पहिलीच्या मालकाने आम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. आम्ही गेल्यावर ती एका चावीत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर मात्र ती सुरू करायला सगळी कॉलनी धक्का मारत होती. दुसरीच्या ऑइलमध्ये पाणी मिसळत होतं. झाकण उघडून बघितलं असतं तर आतलं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं असतं, पण झाकण उघडायचं असतं हे कोणाला ठाऊक? तिसरीला खालून काळाभोर, चकचकीत रंग होता. हे तिच्यावर फार खूश होते. दुसऱ्या पावसाळ्यात पत्रा फाटला आणि हे सीटसकट खाली बसले. प्रत्येक फसवणुकीनंतर ह्यांचा एक नियम तयार व्हायचा. शेवटचा होता, "खालून नवा रंग, तर वरून रामराम." ती जीप भंगारात गेली, आणि वर्षभराने हेही गेले.

निवृत्तीनंतर आम्ही मुळशीच्या पुढे डोंगरउतारावर छोटंसं घर बांधलं होतं. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढे दगडधोंड्यांची वाट आहे, मध्ये दोन ओढे आहेत. पावसाळ्यात तिथे एक तर चारही चाकांना जोर असलेली जीप जाते, नाहीतर माणसाचे पाय. माझे पाय आता सामान घेऊन चढत नाहीत. म्हणून ह्यांच्या मागचे दोन्ही पावसाळे मी पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये काढले. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, फ्लॅटही चांगला आहे. मला तिथे झोप लागत नाही. यंदा एका रिसॉर्टवाल्याने घराला मागणी घातली आणि मुलगा म्हणाला, आई, एकदाच काय ते ठरव. मग आमचं ठरलं. पावसाच्या आत मला धड जीप मिळाली तर मी माझ्या घरात राहणार. नाही मिळाली तर घर विकायचं आणि मी कुरकुर न करता पुण्याला जायचं. मी शब्द दिला होता, आणि मे महिना निम्मा सरला होता.

मुळशीत जुनी जीप औषधाला उरलेली नाही, सगळ्या पर्यटकांना डोंगर दाखवायला गेल्यात. फोनवर शोधून शोधून तीन सापडल्या. तिन्ही घाटाखाली, रायगडच्या किनाऱ्यावर. एक उरणला, एक थळला, एक मुरुडला. समुद्राकाठची गाडी म्हणजे गंजाचं माहेर, हे मला सांगायला मुलाची गरज नव्हती. तरी मी निघाले, जीप चालवायला ह्यांनी मला शिकवलंच होतं. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, गाडीखाली निजायला जुनी चादर, आणि फ्रिजवरचा गणपतीचा लोहचुंबक. पत्र्यातलं भोक बुजवून वर रंग मारला असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही. हाही ह्यांचाच नियम.

उरण

उरणच्या रस्त्याला कंटेनरचे ट्रेलर मुंग्यांसारखे एकामागे एक लागलेले असतात. त्यांच्या धुळीतून मधूनच मिठागराचा पांढरा चौकोन चमकतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. त्या रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांचा धंदा होता. मालक तिशीतला, गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्याने आधी माझ्या मागे पाहिलं. मागे कोणीच येत नाही हे कळल्यावर विचारलं, "मॅडम, सर पार्किंगमध्ये हायेत काय?"

सर नाहीत, मीच आहे, असं सांगितल्यावर तो एकदम सैल झाला. ते मला आवडलं नाही.

जीप हिरवी, दिसायला ठीक. मी पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. "उन्हाळा हाय ना मॅडम," तो म्हणाला. गाडी सावलीत होती. मी शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. तो हसला, मीही हसले. आमची पहिली जीप मला त्या क्षणी फार आठवली.

तरीही मी धूर बघायचं ठरवलं, कारण पुढे फक्त दोनच गाड्या होत्या. त्याला आत बसवून मी मागे गेले आणि म्हटलं, दाबा. तो दाबत नव्हता, पेडल कुरवाळत होता. जोरात म्हटलं की म्हणायचा, "इंजिनला त्रास होतो मॅडम." स्वतः बसून दाबलं तर आरशातून धूर दिसेना, खाडीचा वारा तो तसाच घेऊन जात होता. मदतीला बोलवावं असं तिथे कोणी नव्हतं. शेवटी मी गिअर काढला, हँडब्रेक ओढला, शेडच्या दारात पडलेला एक दगड उचलून पेडलवर ठेवला आणि मागे धावले. इंजिनाने असा काही टाहो फोडला की मालक चप्पल सोडून पळत आला. पण तोवर मला दिसलं होतं. निळा धूर, निळाशार. म्हणजे इंजिन डिझेलबरोबर ऑइलही पीत होतं.

त्या दिवशी माझं दुसरं माणूस म्हणजे एक दगड होता. ह्यांना हे सांगितलं असतं तर हसून हसून त्यांना ठसका लागला असता. सांगायला कोणी नव्हतं म्हणून मी ते करंजाला लाँचची वाट बघत मनातल्या मनात दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

करंजाहून रेवसला लाँच जाते. पाणी गढूळ, वारा खारट. मासे विकून परतणाऱ्या बायका रिकाम्या पाट्या उलट्या घालून त्यांवर बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, एकटीच का? आमच्याकडे घाटावर बाईला असं कोणी तोंडावर विचारत नाही, मागून आपापसात विचारतात. मला तोंडावरचं बरं वाटलं. मी हो म्हटलं. तिने पिशवीतून दोन ताडगोळे काढून माझ्या हातावर ठेवले आणि किनारा येईपर्यंत पुढे काही विचारलं नाही.

थळ

थळला खत कारखान्याची धुरांडी नारळाच्या वर दिसतात आणि समोर समुद्रात उंदेरीचा किल्ला दिसतो. मधल्या वाटेवर घरोघरी पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. मी ज्यांच्याकडे गेले ते म्हात्रेकाका नोकरीतून निवृत्त झालेले आणि मनाने अगदी मोकळे. जीप दाखवायला सगळं घर अंगणात आलं. काकू, दोन सुना, जावई, नातवंडं, शेजारच्या एक आजी. आधी कोकम सरबत झालं, मग माझी चौकशी झाली, मग जीप.

काय सांगू, त्या दिवशी मला दुसऱ्या माणसांची ददात नव्हती. ब्रेक दाबायला जावई, मागे दिवे बघायला दोन्ही सुना, स्टिअरिंग हलवायला काका, चाकापाशी बसायला मी. बॉनेट थंड होतं. धूर स्वच्छ होता. गणपती पत्र्याला जागोजागी चिकटला. चेसिसवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून पाहिला, तोही जुळला. काकूंनी तर आजींना सांगूनही टाकलं, "ही बाय गाडी घेतेय."

मग वाळूवर चाचणी घ्यायचं ठरलं. फोर व्हीलचा दांडा मी पुढे ढकलला, तो खट्‌कन बसला आणि आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. सगळे म्हणजे अक्षरशः सगळे, आजीसुद्धा. मऊ वाळूत शिरल्याबरोबर मागची चाकं फिरू लागली, फिरत राहिली, आणि जीप पोटावर बसली. पुढची चाकं स्वस्थ उभी होती. मला तेव्हा कुठे चादर आठवली. ती अंथरून मी गाडीखाली गेले. पुढच्या चाकांना जोर नेणारा शाफ्ट जिथे असायला हवा होता तिथे नुसती हवा होती.

वर येऊन काकांना विचारलं तर ते निरागसपणे म्हणाले, "तो होय? मायलेज मिळेना, म्हणून काढून ठेवला होता. मग दिला भंगारात. त्याचं काही काम नसतं हो."

त्यांच्या लेखी नसतंच. त्यांना जीप बाजाराला आणि वरातीला लागायची. मला लागणार होती ती ओढ्यातून वर चढायला. चूक माझी होती. गाडीखाली निजणं हे सगळ्यांत आधी करायचं काम, पण एवढी माणसं भोवती मिळाली आणि मी त्या आनंदात ते विसरूनच गेले. जीप बाहेर काढायला सगळ्यांनी धक्का मारला. माझ्या केसांत, कानांत, ब्लाउजमध्ये वाळू गेली. काकूंनी मला न्हाणीघरात ढकललं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तांदळाची भाकरी, ओल्या जवळ्याचं कालवण आणि कच्चा पांढरा कांदा. आम्ही घाटावर सगळ्यात शेंगदाण्याचं कूट घालतो, यांच्याकडे सगळ्यात नारळ. पंगतीला तेरा माणसं होती आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. मी पोटभर जेवले. निघताना काकूंनी कांद्याची एक माळ माझ्या गळ्यात जवळजवळ घातलीच. एसटीत बसल्यावर खिडकीतून त्यांचं अख्खं घर हात हलवताना दिसत होतं. मी एकटी असते तेव्हा मला एवढं एकटं वाटत नाही, जेवढं त्या एसटीत वाटलं.

मुरुड

मुरुडला लॉजवाल्याने विचारलं, किती जण? मी म्हटलं, एक. त्याने पुन्हा विचारलं, किती जण? मग त्याने माझं आधार कार्ड उलटसुलट पाहिलं, गळ्यातल्या पिशवीतून डोकावणारी कांद्याची माळ पाहिली, आणि कांदे घेऊन हिंडणारी बाई काही वेडंवाकडं करणार नाही असं ठरवून खोली दिली.

संध्याकाळी खानावळीत मला चार खुर्च्यांचं टेबल मिळालं. सुट्टीचे दिवस, मुंबईची कुटुंबंच्या कुटुंबं येत होती. वाढणारा माणूस आला, "मॅडम, घेऊ का?" म्हणून एक खुर्ची घेऊन गेला. थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. माझं पापलेट येईपर्यंत टेबलाला एकच खुर्ची उरली होती, आणि तिच्यावर मी होते. तेवढ्यात मुलाचा फोन आला. दोन्ही गाड्या वाया गेल्याचं त्याला कळवलं होतं. तो प्रेमाने म्हणाला, "आई, पुरे आता. परत ये. तू प्रयत्न केलास ना?" प्रयत्न केलास, हे माणूस हरल्यावर म्हणतात. मी म्हटलं, एक राहिली आहे. पापलेट ताजं होतं, असं नंतर आठवलं.

सकाळी कोळीवाड्यात गेले. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, पावसाळ्याची बेगमी चालू होती. त्या दोऱ्यांच्या पलीकडे हिराबाईंचं घर. साठी उलटलेल्या, काटक, नाकात मोठी नथनी, आणि डावा पाय किंचित ओढत चालणाऱ्या. मी समजत होते की जीप मुलाची किंवा नवऱ्याची असेल. ती त्यांचीच होती. वीसेक वर्षं त्या स्वतः ती चालवत होत्या. धक्क्यावरून मासळी आणायच्या, आणि पावसाच्या तोंडावर लोकांच्या होड्या वाळूतून वर ओढून द्यायच्या.

घराच्या कडेला झावळ्यांचा मांडव, त्याखाली जीप. मागची बाजू चुन्याच्या भिंतीला अगदी खेटून लावलेली. मला लगेच संशय आला, मागे काहीतरी लपवलंय. वाकून खाली पाहिलं, आणि ती माझ्या मनातून पार उतरली. जीप खालून निळी होती, कोरी निळी. होडीला मारतात तोच झगझगीत निळा रंग चेसिसला, स्प्रिंगच्या पाट्यांना, सगळ्याला. रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता. ह्यांनी निदान काळ्या रंगावर भाळण्याची अब्रू राखली होती.

खालून नवा रंग, तर वरून रामराम. मी हात जोडले आणि म्हटलं, येते मी.

"अगो, हात पन न्हाय लावलास," हिराबाई म्हणाल्या. "कशापायी जातेस?"

मी सांगितलं, खालून नवा रंग मारलाय, म्हणजे गंज झाकलाय. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. रागावल्या नाहीत, त्यांना खरंच समजेना. मग त्यांनी समजावलं. होडी विकायची तर आधी ती घासूनपुसून, रंगवून मगच दाखवतात. तशीच कळकट दाखवली तर ते घेणाऱ्याचा अपमान केल्यासारखं. मी येणार असा निरोप आल्यावर त्यांनी दोन दिवस जीपखाली निजून स्वतःच्या हातांनी रंग दिला होता. गुडघा दुखत होता, तरीही.

"आनि गंजाचं म्हनशील," त्या म्हणाल्या, "तर होडी घेनारा काय रंग बघतो व्हय? तो फळीत सुरी खुपसून बघतो." त्या आत गेल्या, मासे कापायची सुरी घेऊन आल्या आणि मूठ माझ्याकडे करून धरली. "हाय खाली जागा. खुपस तुला पायजे तिथं."

उरणला मी स्क्रू ड्रायव्हर नुसता बाहेर काढला तर मालकाने हात धरला होता. इथे मालकीण स्वतः सुरी देत होती. मी चादर अंथरली आणि जीपखाली शिरले. चेसिसच्या दोन्ही दांड्यांवर, जोडांवर, सीटखालच्या पत्र्यावर मी सुरीचं टोक मारत गेले. टक, टक, टक. निळ्याखाली लोखंड घट्ट होतं. पुढचा शाफ्टही जागच्या जागी होता, त्याला पाहून मला म्हात्रेकाका आठवले. मागे गेले तर पत्र्यावर पंजाएवढा लाल डाग दिसला. तिथे सुरी मारली ती सरळ आत गेली. पलीकडे आणखी एक लाल डाग. तिथेही गेली.

"ती जागा सडलीय," हिराबाई वरून म्हणाल्या. त्या वाकू शकत नव्हत्या, पण सुरीच्या आवाजावरून त्यांना कळलं असावं. "मासलीच्या बर्फाचं पानी तिकडं ठिबकायचं. होडीची सडकी फळी आमी लाल करतो, सुताराला गावावी म्हनून. गाडीची पन केली."

मी तशीच खाली पडून राहिले. नवा रंग मारून गंज लपवणारे मी पाहिले होते. नवा रंग मारून गंज दाखवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ह्यांच्या एकाही नियमात ते बसत नव्हतं.

मग रीतीप्रमाणे सगळं झालं. बॉनेट थंड होतं. ऑइलचं झाकण उघडलं, आत काळंभोर ऑइल, दुधाचा मागमूस नाही. हिराबाई आत चढल्या, मी धूर बघायला बाजूला उभी राहिले आणि म्हटलं, दाबा. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. बाईंनी पेडल असं दाबलं की बोंबलांवर टपलेले कावळे उडून गेले. आधी काळा धूर आला, मग विरळ, मग काहीच नाही. खाली उतरताना त्यांचा गुडघा अडला आणि त्या क्षणभर दार धरून उभ्या राहिल्या. क्लच दाबवत नाही, म्हणून विकायची. मुलगा मुंबईला बोलावतो. "मी न्हाय जानार," एवढंच त्या म्हणाल्या. त्याचं कारण त्यांनी दिलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं.

फोर व्हीलची चाचणी हवी म्हटल्यावर त्यांनी किनाऱ्यावर हाक दिली. शेजाऱ्यांची एक छोटी होडी दुरुस्तीला वर घ्यायची होतीच. पुढच्या चाकांच्या मधल्या चकत्या फिरवून कुलूप लावायचं, म्हणजे त्यांनाही जोर मिळतो, दांडा पुढे टाकायचा, दोर बांधायचा. चालवायला मी, आणि शेजारच्या सीटवर हिराबाई. मला म्हणाल्या, घाई करायची नाही, दोर ताणू द्यायचा, मग होडीच सांगते. मी क्लच सोडला. दोर ताठ झाला. चारही चाकांनी वाळू धरली, जीप किंचित मागे दबली, आणि आरशात ती होडी सुस्त म्हशीसारखी हलली आणि आमच्या मागून वर येऊ लागली. दोन्ही बाजूंनी माणसं तिला सावरत चालत होती. मला वाटलं, हे बघायला हे हवे होते. नुसतं वाटलं नाही, मी शेजारी वळून सांगायला तोंड उघडलं. शेजारी हिराबाई होत्या. त्यांनी माझ्या मांडीवर थोपटलं आणि म्हणाल्या, "ओड तू."

जीप परत मांडवात आली. हिराबाईंनी मला ती मागे घेत घेत पुन्हा भिंतीला खेटून लावायला लावली. एकच गोष्ट राहिली होती. मी म्हटलं, जरा पुढे घेते, तुम्ही आत बसून ब्रेक दाबा, मी मागे उभी राहून दिवे बघते.

"मागं उभं रावाला लागत न्हाय," त्या म्हणाल्या. "दाब तू. आरशात बघ."

मी ब्रेक दाबला. मांडवाच्या सावलीत, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर, दोन लाल ठिपके उमटले. पाय काढला, ते गेले. पुन्हा दाबला, पुन्हा आले. म्हणून जीप भिंतीला खेटून उभी होती.

"मानूस गेला तवापासून मागं उभं रावाला कोन व्हतं? भिंत व्हती," हिराबाई म्हणाल्या. "रोज बघायचं. येक लागला नाय तर भिंत सांगते."

मला रडू आलं. जीपच्या सीटवर बसून, स्टिअरिंग धरून, वेड्यासारखं. हिराबाईंनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. त्या चहा टाकायला आत गेल्या. पैशांचं बोलणं त्या चहातच संपलं. सडका पत्रा बदलायला किती लागेल ते त्यांनीच सांगितलं आणि तेवढे कमी करून घेतले. कागदांवर सह्या दुसऱ्या सकाळी झाल्या. निघताना मी त्यांना कांद्याची अर्धी माळ दिली, त्यांनी मला वाळलेल्या बोंबलांचं गाठोडं. जीप मांडवातून बाहेर काढताना मी आरशात पाहिलं. हिराबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या रिकाम्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

ताम्हिणी

रोहा, कोलाड, विळे आणि मग घाट. जीप चाळीसच्या पुढे गेली की तिचं सगळं अंग बोलू लागतं. कोलाडला चहाला थांबले तर तीन कुत्री येऊन गाडीखाली बसली आणि हटेनात, वीस वर्षांच्या मासळीचा वास त्यांना सोडवेना. चहावाल्याने विचारलं, मावशी, बरोबर कोणी नाही? मी कुत्र्यांकडे बोट दाखवलं.

घाटात दुपारची सामसूम होती. वळणावर ब्रेक दाबताना मला पोस्टाच्या क्वार्टर्समधली भिंत आठवली, आणि मग एक गोष्ट लक्षात येऊन मी जीप कडेला घेतली आणि थांबवली.

आमची जीपसुद्धा चुन्याच्या भिंतीला पाठ लावूनच उभी असायची. ह्यांच्याही समोर आरसा होता. दोन लाल ठिपके ह्यांना आत बसल्या बसल्या दिसत असणार. मी मध्ये उभी राहिले की उलट एक झाकला जात असेल. गाड्यांच्या बाबतीत हे भोळे होते, पण आंधळे नव्हते. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्यावाचून ह्यांना दिवे कळत नाहीत, म्हणून मला हाक मारतात. पोळ्या करपल्या म्हणून मी कितीदा चिडलेही होते. मी न ओरडताही गाडी हलली असती. ह्यांना मी ओरडलेलं ऐकायचं होतं.

बराच वेळ मी त्या वळणावर बसून होते. खाली कोकण पसरलं होतं आणि समुद्र दिसत नव्हता. मग जीप सुरू केली. एका चावीत झाली.

घरी पोहोचायला दोन ओढे ओलांडावे लागले, दोन्ही कोरडे. मोठ्या दगडांच्या चढावर मी चकत्या फिरवल्या, दांडा पुढे टाकला आणि हिराबाईंनी सांगितल्याप्रमाणे घाई केली नाही. जीप चढली. मुलाला फोन करून सांगितलं, मिळाली. तो म्हणाला, "खालून नीट बघितलीस ना, आई? रंग नवा नाही ना?" बापाचं पोर. मी म्हटलं, नवाच आहे, निळा आहे, ये आणि बघ.

त्यानंतर आठवडाभरात खालच्या गावातल्या वेल्डरकडून दोन्ही लाल डागांवर नवा पत्रा बसवून घेतला. आमच्या घराची मागची भिंत काळ्या दगडाची आहे, तिच्यावर काही उमटत नाही. एक पोतं चुना आणला आणि ती मी स्वतः रंगवली, दोन हात दिले. तो सुकला त्या संध्याकाळी जीप मागे घेत घेत भिंतीपाशी नेली. पण खेटवली नाही. मध्ये एक माणूस उभं राहील एवढी जागा सोडली. मग ब्रेक दाबला आणि आरशात पाहिलं.

"दोन्ही लागतात," मी ओरडले. डोंगरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून चांगलं जोरात ओरडले.